न फुटणारी संख्या आणि माझं सातचं बटण

मित्रांनो, तळहातावर मावेल एवढा मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे. माझा राखाडी रंग कडेकडेने पांढरा पडला आहे. कपाळावर काळ्या काचेची पट्टी आहे. तिच्यावर उजेड पडला की मी जागा होतो, मला सेल लागत नाही. पट्टीच्या खाली एक छोटी खिडकी आहे आणि तिच्यात फक्त आठ आकडे मावतात. नववा आकडा आला की मी अडतो. अशा माझ्या आयुष्यात एकदा दहा आकड्यांची एक संख्या आली. तिच्यामुळे मी काय काय पाहिलं, ते तुम्हाला सांगावंसं वाटतं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. खोक्यातून बाहेर आलो तेव्हा नवापूरच्या बाजारातलं एक दुकान दिसलं. तिथून मला सॅम्युअलकाकांनी घेतलं. ते चिंचपाड्याला दवाखान्यात औषधं देण्याचं काम करत. आजारी बाळाचं वजन किती किलो, त्यावरून औषध किती मिलिलिटर, हे ते माझ्यावर काढत. पुन्हा एकदा काढत, आणि मगच बाटलीवर खूण करत. "मशीन चांगलं आहे, पण दोनदा विचारलेलं बरं," असं ते म्हणत. मला थोडा राग यायचा. मी चुकत नाही, मग दोनदा कशाला?

काका निवृत्त झाले आणि त्यांची मुलगी लिडिया मला घेऊन सातपुड्यात आली. धडगावच्या वरच्या अंगाला एका आश्रमशाळेत ती गणित शिकवायची. सुरुवातीला मुली मला हाताळायला रांग लावत. पुढे शिक्षकांच्या खिशात मोबाइल आले. मोबाइलमध्ये माझ्यासारखा एक कॅल्क्युलेटर असतोच. मग मी टेबलाच्या खणात गेलो. तिथे खडूचे तुकडे, वाळलेली पेनं आणि एक तुटकी पट्टी माझ्या सोबतीला होती. खणात उजेड नसतो. म्हणजे, मित्रांनो, मी कितीतरी वर्षं झोपूनच काढली.

एके दिवशी खण उघडला. लिडिया मॅडमनी मला पदराने पुसलं आणि नववीच्या वर्गात नेलं. फळ्यावर त्यांनी एक ते नऊ आकडे ओळीने लिहिले आणि त्यांच्यापुढे पुन्हा एक लिहिला. १२३४५६७८९१. एक अब्ज तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे एक्क्याण्णव.

"मुलींनो, ही मूळ संख्या आहे की हिला कोणी पूर्ण भागतं?"

"मॅडम, तुम्हाला माहीत आहे का?" मधल्या ओळीतून एकीने विचारलं. तिचं नाव रविना. पावरा घरातली, बारीक अंगाची, आणि एकदा धरलेलं न सोडणारी.

"नाही. मीही शोधलेलं नाही. आपण शोधू."

पस्तीस मुली कामाला लागल्या. संख्या विषम आहे, म्हणून दोन गेला. शेवटी एक आहे, म्हणून पाच गेला. सगळ्या अंकांची बेरीज शेहेचाळीस येते, आणि शेहेचाळीसला तीनने भाग जात नाही, म्हणून तीनही गेला. मग प्रश्न आला, थांबायचं कुठे? मॅडमनी सांगितलं, "कोणतीही संख्या दोन संख्यांचा गुणाकार असेल, तर त्यातली एक तरी लहान असणार. आपल्या संख्येसाठी ती ३५,१३६ च्या आत असलीच पाहिजे. दोन्ही त्याच्यापेक्षा मोठ्या असत्या तर गुणाकार पुढे निघून गेला असता. म्हणून तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. एकीनेही भाग गेला नाही, तर आपली संख्या मूळ."

मुलींनी जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर आकडे लिहिले, प्रत्येकीकडे एक हजार. उरलेले एकशे छत्तीस मॅडमनी स्वतः घेतले. दोनचे पट खोडले, तीनचे खोडले, पाचचे, सातचे, असं करत करत जे न खोडलेले राहिले त्या मूळ संख्या. त्या सुमारे पावणेचार हजार निघाल्या. शंभरच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी मुलींनी हाताने भागून पाहिलं. भाग गेला नाही. मग दिवाळी जवळ आली, अभ्यासक्रम मागे पडला, आणि मुख्याध्यापक योगेंद्र सरांनी मॅडमना सांगितलं की आता हे पुरे. बहुतेक मुलींनाही कंटाळा आला होता.

रविनाला आला नव्हता. तेवढ्यात तिच्यावर दुसरंच संकट आलं.

दिवाळीनंतर डोंगरातली पुष्कळ घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात. रविनाचे वडील जालमसिंग आणि आई सोनीबाई दरवर्षी जात. तेव्हा रविना वसतिगृहात राही. पण या वर्षी घरात दोन वर्षांची सोनम होती. आजी दिवलीबाई सोबत येणार होती, पण तिचे गुडघे गेले होते. चूल तिला सांभाळता येई, धावत्या पोरीच्या मागे पळता येत नसे. जालमसिंग शाळेत आले आणि दारातच उभे राहिले.

"मॅडम, हिला नेतो. धाकटीला बघायला माणूस नाही."

"नववी आहे जालमसिंगभाऊ. परत कधी आणाल?"

"होळीला येऊ." ते जमिनीकडे बघत म्हणाले, "पुढच्या वर्षी हीसुद्धा कोयता धरेल. शाळेचं मग बघू."

रविना रडली नाही. ती फळ्याकडे गेली, जिथे ती संख्या अजून कोपऱ्यात होती, आणि म्हणाली, "मॅडम, याद्या मला द्या. मी करते."

मॅडमनी कॅलेंडरांची गुंडाळी दिली, कोऱ्या वह्या दिल्या, आणि मला तिच्या हातावर ठेवलं. "याच्यात आठच आकडे मावतात. कसं करशील?"

रविनाने फळ्यावरच्या संख्येवर बोट ठेवलं. "आधी पहिले आठ घेईन. १२३४५६७८. भागल्यावर जी बाकी राहील तिच्यापुढे ९१ जोडेन, आणि पुन्हा भागेन." तिने तिथेच सातचं उदाहरण करून दाखवलं. पहिल्या आठ आकड्यांची बाकी दोन. दोनपुढे ९१ म्हणजे २९१. त्याला सातने भागलं, बाकी चार. भाग जात नाही.

"शाबास. लहानांपासून सुरू कर," मॅडम म्हणाल्या.

"नको. मोठ्यांपासून करते. थकल्यावर सोपे राहिलेले बरे."

असा मी सुरतेकडच्या उसाच्या पट्ट्यात पोचलो. शेताच्या कडेला प्लास्टिकच्या कागदाच्या खोपटांची ओळ होती. तिला सगळे पडाव म्हणत. पहाटे माणसं तोडीला जात. रविना पाणी भरी, भांडी घाशी, सोनमला खेळवी. दुपारी सोनम साडीच्या झोळीत झोपली की रविना एका पायाने झोळीची दोरी हलवत बसे आणि मांडीवर मला ठेवी. उन्हाला तिथे तोटा नव्हता. खणात काढलेल्या त्या सगळ्या वर्षांची झोप माझ्या अंगातून निघून गेली.

यादीतल्या सगळ्यात वरच्या संख्येपासून ती निघाली. भाग, गुण, वजा, पुन्हा भाग. वहीत भाजक लिहायचा, त्याच्यापुढे बाकी लिहायची. रोज चाळीस, पन्नास, कधी साठ. ताप आला तरी दहा. पहिली वही भरली, दुसरी भरली. पडावातल्या बायका जाताना थांबत आणि हसत. दिवलीबाई मात्र हसत नसे. ती चुलीजवळून बघत राही. त्यांची घरातली बोली पावरी, पण तुम्हाला कळावं म्हणून मी मराठीत सांगतो.

"रोज कोणाशी भांडतेस गं?" तिने एकदा विचारलं.

"एका आकड्याशी, आजी. तो फुटत नाही."

"दगड आहे का?"

"दगड घाव घातला की फुटतो."

दिवलीबाईने वाकून माझ्या खिडकीत पाहिलं. तिला एकही अंक येत नव्हता. "मग त्याला सोडू नको," ती म्हणाली आणि भाकरी उलटायला गेली.

जानेवारी संपत आला तेव्हा रविना उतरत उतरत दोनशेच्या खाली आली होती. आठवी वही संपायला आली होती. एकशे नव्व्याण्णव झाला, एकशे एक्क्याण्णव झाला. मग १७३ आला. त्याच्यासकट पंधराच संख्या उरल्या होत्या. पहिल्या आठ आकड्यांची बाकी ५२ आली. पुढे ९१ जोडले, ५२९१. तिने भागाकाराचं बटण दाबलं, एक, सात, तीन आणि लगेच बरोबरचं चिन्ह दाबलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं.

माझ्या खिडकीत आलं ४०७. पुढे टिंब नाही, अपूर्णांक नाही. पूर्ण चारशे सात.

"फुटली!" रविना ओरडली. झोळीतली सोनम दचकून उठली. "आजी, फुटली! एकशे त्र्याहत्तरने फुटली!" तिने सोनमला उचलून गरगर फिरवलं. पडावातल्या दोन बायका धावत आल्या, त्यांना वाटलं साप निघाला. रविना हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मीही, मित्रांनो, फार खूश होतो. इतक्या महिन्यांत मी तिला फक्त नाही, नाही, नाही एवढंच सांगत आलो होतो. आज हो म्हणालो होतो.

मग ती शांत झाली आणि संख्येचा दुसरा जोडीदार लिहायला बसली. पहिला भागाकार ७१३६२ होता, त्याची शंभरपट करून ४०७ मिळवले की तो येणार होता. आला ७१३६६०७. तो गुणिले एकशे त्र्याहत्तर केलं की आपली संख्या यायला हवी. गुणाकार माझ्यात मावणार नव्हता, म्हणून तिने काडीने मातीत केला. एकेक ओळ लिहिली, बेरीज केली.

उत्तर आलं १२३४६३३०११.

तिने पुन्हा केलं. तेच आलं. पुन्हा केलं. मग तिने मला हातात घेतलं आणि सावकाश ५२९१ भागिले एकशे त्र्याहत्तर दाबलं. या वेळी खिडकीत तीस आणि पुढे अपूर्णांक आला. भाग जात नव्हता.

मग तिने दर वेळी खिडकी कोरी करत नुसतं सातचं बटण दहा वेळा दाबलं. आठ वेळा सात उमटला. दोन वेळा नाही.

मित्रांनो, माझ्या सातच्या बटणाखालचं रबर झिजलं होतं. मला कळलंही नव्हतं. तिने एक-सात-तीन दाबलं आणि माझ्यापर्यंत एक-तीन पोचलं. मी तेराने भागलं आणि ते एकशे त्र्याहत्तरचं उत्तर म्हणून तिच्यापुढे ठेवलं. बाळांच्या औषधाचे हिशेब केलेला मी, मी कधी चुकत नाही असं समजणारा मी! त्या वेळी मला खणात जाऊन पडावंसं वाटलं.

रविनाने माझ्यावर राग काढला नाही. तिने आठही वह्या पुढ्यात ओढल्या आणि पानं उलटायला लागली. ज्या ज्या भाजकात सात होता त्यावर तिचं बोट थांबत होतं. पहिल्या आठ आकड्यांत सात राहिला तर खिडकी भरत नसे, आणि बोट नीट पडलं नाही असं समजून ती पुन्हा दाबी; भाजकात ते कळत नसे. १७३ सारखी चूक आधीही झाली असेल तर? नाही म्हणून लिहिलं, आणि खरं उत्तर हो असेल तर? सात असलेले भाजक सोळाशेच्या वर निघाले. तिने वही मिटली आणि गुडघ्यांत डोकं घातलं.

संध्याकाळी जालमसिंग आणि सोनीबाई तोडीवरून आले. दिवलीबाईने काय झालं ते सांगितलं. जालमसिंगनी कोयता खोपटाला टेकवला आणि मुलीजवळ बसले.

"किती राहिलं?"

"चौदा राहिले होते. आता सोळाशे झाले."

"चौदा करून टाक. बाकीचं कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल," रविना म्हणाली. "बाबा, तुम्ही ऊस वर कापून बूड जमिनीत ठेवलंत तर चालतं का?"

जालमसिंग हसले. त्या दिवशीच मुकादमाने दुसऱ्या एका जोडीला बूड वर ठेवलं म्हणून अख्खी ओळ परत कापायला लावली होती. "नाही चालत," ते म्हणाले. "बुडातून कापायचं तर वाकावं लागतं." थोड्या वेळाने ते उठले आणि झोळीतून सोनमला घेतलं. "सुट्टीच्या दिवशी हिला मी सांभाळेन. तू वाक."

दुसऱ्या दिवसापासून काम पुन्हा सुरू झालं. पण माझ्यावर विश्वास कसा ठेवायचा? रविनाने दोन नियम केले. पहिला असा, की बाकी नेहमी भाजकापेक्षा लहान असते, म्हणून ९१ जोडून केलेला भागाकार शंभराच्या आतच यायला हवा. शंभराच्या वर आला तर मी खोटं बोलतोय. "४०७ दिसला तेव्हाच मला कळायला हवं होतं," ती स्वतःशी म्हणाली. पण लहान उत्तराच्या वेळी ही चूक लपून राहू शकते, म्हणून दुसरा नियम. सात दाबला की तो खिडकीत उमटला का, हे दुसऱ्या माणसाने बघायचं.

दुसरं माणूस कोण? दिवलीबाई.

"मला काय कळतं त्यातलं?" ती म्हणाली.

"एवढं कळेल. आजी, माझ्या वहीतला मराठी सात वेगळा. या खिडकीतला इंग्रजी सात बघ. वर आडवी रेघ, आणि एका टोकाला खाली उतरलेला दांडा."

दिवलीबाईने डोळे बारीक केले. "हा तर कोयता."

"हो, कोयताच. मी सात म्हटलं की तू कोयता बघायचा. दिसला तर हो म्हण."

मग रोज दुपारी पडावात आमची तिघांची जोडी बसे. तिघांची जोडी कशी, असं विचाराल, पण आम्ही एकमेकांवाचून अडलेलो होतो हे खरं. रविना काडीच्या टोकाने सात दाबी. दिवलीबाई खिडकीवर वाकून म्हणे, "कोयता आहे." कधी म्हणे, "नाही आला! परत दाब!" तो नाही आला की ती माझ्यावर रागावे, "काय रे, झोपलास का?" आठवडाभरात तिला कोयत्याच्या शेजारचे बाकीचे अंकही ओळखीचे झाले. एक म्हणजे काठी. चार म्हणजे उलटी ठेवलेली खुर्ची. आठ म्हणजे एकावर एक दोन मडकी. रविना नावं सांगे, ती पाठ करी. फेब्रुवारीच्या शेवटी ती पूर्ण भाजक वाचून दाखवू लागली आणि कधी कधी माझी नाही, रविनाचीच चूक पकडू लागली.

त्या सोळाशेंत तीन जागी आधीची उत्तरं चुकलेली निघाली. तिन्ही वेळा बरोबर उत्तरही नाहीच होतं, भाग जात नव्हता. पण ती तीन चुकीची राहिली असती तर वह्या खोट्या ठरल्या असत्या. रविनाने चुकीचं खोडलं, शेजारी नवीन लिहिलं आणि तारीख घातली.

पडाव उठायच्या आदल्या दिवशी ती उरलेल्या चौदांना भिडली. एकशे सदुसष्ट, एकशे त्रेसष्ट, असं करत खाली आली. शेवटी १०१ राहिला. पहिल्या आठ आकड्यांची बाकी ४४. पुढे ९१ म्हणजे ४४९१. भागलं. बाकी ४७.

रविनाने पेन्सिल खाली ठेवली.

"फुटला?" दिवलीबाईने विचारलं.

"नाही."

"मग हरलीस का गं?"

"नाही आजी. कोणाच्यानेही फुटत नाही, हेच तर ठरलं. आता हे मी छातीठोक सांगू शकते."

दिवलीबाईने माझ्या खिडकीवरून हात फिरवला. "मोठा हट्टी आहे," ती म्हणाली. ती त्या संख्येला म्हणाली की नातीला, हे मला अजून कळलेलं नाही.

होळीच्या आधी सगळे घरी निघाले. शहाद्याला गाडी थांबली तेव्हा जालमसिंग मला घेऊन घड्याळं नि रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेले. त्याने मला उलटंपालटं केलं. "आते याना पार्ट भेटस नही, भाऊ. फेकी दे, नवं ली ले."

"फेकायचा नाही," जालमसिंग म्हणाले. "साफ करून दे."

त्याने माझं पोट उघडलं, धूळ काढली, रबराला काहीतरी लावलं. सात आता दहात नऊ वेळा उमटू लागला. दहावा अजून राहिलाच.

शाळेत मात्र गोष्ट सोपी नव्हती. योगेंद्र सर वाईट माणूस नव्हेत, पण हजेरीपत्रक त्यांच्यापुढे उघडं होतं. "साडेतीन महिने गैरहजर," ते लिडिया मॅडमना म्हणाले. "हिला परीक्षेला कशी बसवू? तुम्हीच सांगा."

जालमसिंग दारात उभे होते. मागच्या वेळेसारखेच, पण या वेळी ते जमिनीकडे बघत नव्हते. रविनाने टेबलावर एकेक करून अकरा वह्या ठेवल्या आणि त्यांच्यावर मला ठेवलं.

"सर, ती संख्या मूळ आहे."

"कोणती संख्या?" सरांना आठवली. "ती? अगं, एवढ्यासाठी अकरा वह्या? हे मोबाइल एका क्षणात सांगतो." त्यांनी खिशातून मोबाइल काढला, आकडे टाकले आणि मोबाइल तिच्याकडे वळवला. "हे बघ. मूळ नाही. तीनने भाग जातो."

लिडिया मॅडमचा चेहरा पडला. मी वह्यांवर पडल्या पडल्या विचार केला की माझा सात पुन्हा कुठे राहिला असेल.

रविना मात्र डगमगली नाही. "तीनने?" ती म्हणाली. "नाही सर. अंकांची बेरीज शेहेचाळीस येते. तीनने भाग जाणं शक्यच नाही. तुमचा एखादा आकडा टाकायचा राहिला असेल."

"राहिला?" सरांनी चष्मा वर केला आणि पडद्यावर बोट ठेवून वाचू लागले. "एक, दोन, तीन, पाच..." ते थांबले. चार राहिला होता.

त्यांनी पुन्हा आकडे टाकले, या वेळी मोठ्याने म्हणत. मोबाइलने क्षणभर विचार केला. मूळ संख्या.

सर खुर्चीत बसले. त्यांनी मधली एक वही उघडली, मग दुसरी. खोडलेल्या तीन जागा त्यांना दिसल्या, शेजारच्या तारखा दिसल्या. सर धानोऱ्याचे. मन हललं की त्यांच्या तोंडी घरची अहिराणी येई. "हाई समदं तुन्हं अक्षर शे?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो सर. सात बघायला आजी होती."

त्यांनी हजेरीपत्रक मिटलं. "अर्ज मी लिहितो," ते मॅडमना म्हणाले. "वर पाठवू. परवानगी मिळेल की नाही ते मी बघतो. तोवर उद्यापासून रोज एक तास जास्तीचा घ्या. राहिलेला अभ्यास हिने महिन्यात भरून काढला पाहिजे." मग रविनाकडे वळून म्हणाले, "जमेल?"

"सोळाशे पुन्हा केले, सर," ती म्हणाली.

परवानगी आली. रविना परीक्षेला बसली आणि दहावीत गेली. इतिहासात तिला फार थोडे गुण होते, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर ती मला खोटारडा म्हणेल.

पुढच्या दिवाळीनंतर जालमसिंग पुन्हा ऊसतोडीला निघाले. सोनम आता झोळीत झोपणारी राहिली नव्हती, ती आजीचं ऐकू लागली होती. निघायच्या आधी ते रविनाला वसतिगृहात सोडायला आले. कोयत्याचं नाव त्यांनी काढलं नाही. पेटी खाली ठेवून म्हणाले, "बुडातून अभ्यास कर."

पंधरा दिवसांनी मॅडमचा मोबाइल वाजला. मॅडमनी रविनाला बोलावलं. मी टेबलावरच होतो, म्हणून मला दोन्हीकडचं ऐकू आलं.

"आजी? बाबांनी लावून दिला का फोन?"

"बाबा शेतात आहेत," दिवलीबाई पलीकडून ओरडून बोलत होती, जणू डोंगराच्या या टोकावरून त्या टोकाला. "कागदावर तू आकडे लिहून दिले होते ना? दहा होते. मी एकेक बघून दाबले. मी लावला फोन. मी!"

रविनाने फोन दोन्ही हातांनी धरला.

मित्रांनो, आता मी खणात नसतो. खिडकीजवळ असतो, उजेडात. नववीच्या नव्या मुली माझ्यावर गणितं करतात आणि रविनाने त्यांना सांगून ठेवलं आहे की याचा सात नीट बघा. मला आता त्याचा राग येत नाही. तुमच्या घरातही माझ्यासारखं जुनं यंत्र कुठेतरी पडलं असेल. त्याला फेकू नका. धूळ पुसा, उजेड दाखवा, कामाला लावा. पण त्याच्यावर डोळे मिटून विसंबूही नका. आम्ही यंत्रं चुकतो आणि चुकलो हे आम्हाला कळत नाही. ते तुम्हालाच कळावं लागतं. उत्तर आलं की उलटा गुणाकार करून बघा. आवडीचं उत्तर आलं असेल तर दोनदा करा.

आणि मोजता मोजता चूक सापडली, तर वही मिटू नका. जिथून चुकलं तिथून पुन्हा सुरू करा, मग चौदा उरलेले असोत की सोळाशे.